नागपूरच्या ठरावातून उगवलेला पक्ष

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यात शेतीविषयीचा एक ठराव मंजूर झाला. जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालायची आणि पुढे गावोगाव संयुक्त सहकारी शेती उभी करायची, हा त्याचा गाभा. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे राहील, पण काय पेरायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. चौधरी चरणसिंगांनी त्याच अधिवेशनात या ठरावाला उघड विरोध केला. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा यांनी तर काँग्रेसच सोडली. ४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारींनी नव्या पक्षाची घोषणा केली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत त्याचे पूर्वतयारी अधिवेशन झाले. अध्यक्ष रंगा, सरचिटणीस मिनू मसानी, नाव स्वतंत्र पक्ष, निशाणी तारा.

राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. गव्हर्नर जनरल, केंद्रीय गृहमंत्री, मद्रासचे मुख्यमंत्री ही पदे त्यांनी भूषवून झाली होती. या वयात माणसे आठवणी लिहितात. त्यांनी ज्या पक्षात आयुष्य घालवले त्याच्याविरुद्ध पक्ष काढला. त्यांचा आक्षेप साधा होता. व्यापार, उद्योग, शेती या प्रत्येक गोष्टीसाठी माणसाला सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तर सचोटी टिकत नाही आणि सत्ताधारी पक्षाला निवडणुकीचा पैसा आयताच मिळतो. त्यांनी याला ‘परमिट-लायसन्स राज’ म्हटले आणि तो शब्द देशभर रुजला.

सोबतीला आलेली माणसे वेगवेगळ्या वाटांनी आली होती. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन यांच्याबरोबर काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना घोळवणाऱ्यांत मसानी होते. स्टालिनच्या रशियातील खटले आणि शिरकाण पाहून ते समाजवादापासून दूर गेले, ते कायमचे. भारतीय विद्या भवनाचे कन्हैयालाल मुनशी संस्कृतीच्या ओढीने आले. संस्थानांच्या विलीनीकरणात सरदार पटेलांचा उजवा हात असलेले व्ही. पी. मेनन आले, आणि थोड्याच दिवसांत ज्यांची संस्थाने त्यांनी विलीन करून घेतली होती ते राजेरजवाडेही त्याच पक्षात आले. नेहरूंनी या पक्षाला सरंजामदार आणि जमीनदारांच्या काळातला म्हणून हिणवले. टीका बोचरी होती, पण निम्मीच खरी. पक्षाची एकवीस मूलतत्त्वे वाचली तर त्यांत व्यक्तिस्वातंत्र्य, मालमत्तेचा हक्क, शेतकऱ्याला हव्या त्या पद्धतीने शेती करण्याची मुभा आणि सरकारी उधळपट्टीला आळा हेच विषय सापडतात. त्यांत एक तरतूद आजही विलक्षण वाटते : या मूलतत्त्वांबाहेरच्या प्रश्नांवर सभासदाने आपल्या मताप्रमाणे बोलावे, मतदान करावे, पक्ष त्याला बांधणार नाही. पक्षादेश मोडला म्हणून आमदारकी जाण्याच्या आजच्या काळात हे नुसते वाचूनही बरे वाटते.

पहिल्याच निवडणुकीत, १९६२ साली, लोकसभेत अठरा जागा आणि सुमारे आठ टक्के मते मिळाली. जयपूरहून महाराणी गायत्रीदेवी प्रचंड मताधिक्याने निवडून आल्या. बिहार विधानसभेत पन्नास जागा आल्या. १९६३ मध्ये राजकोटच्या पोटनिवडणुकीत मसानी जिंकले. १९६७ साली तर स्वतंत्र पक्ष चव्वेचाळीस खासदारांसह लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. गुजरात विधानसभेत सहासष्ट जागा मिळाल्या. ओरिसात राजेंद्र नारायण सिंहदेव मुख्यमंत्री झाले. जामनगरहून निवडून आलेले नारायण दांडेकर हे जुने आयसीएस अधिकारी. अर्थसंकल्पावर आकडे हातात घेऊन बोलणारे असे खासदार या पक्षाने संसदेला दिले.

माझ्या मते या पक्षाचे सर्वांत मोठे काम निवडणुकीत नव्हे, संसदेत झाले. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीकडे पाहा. तिने ‘इस्टेट’ या संज्ञेत रयतवारी जमिनी आणल्या आणि चव्वेचाळीस कायदे नवव्या परिशिष्टात टाकले. जमीनदारी मोडण्यासाठी काढलेले हत्यार आता ज्याच्यावर कुणी जमीनदार नव्हताच अशा रयतेकडेही वळू शकत होते. महाराष्ट्राचा मोठा भाग रयतवारीचा. तरीही या दुरुस्तीविरुद्ध स्वतंत्र पक्षाने मांडलेली बाजू आपल्या गावांपर्यंत जवळपास पोहोचलीच नाही.

का पोहोचली नाही? पक्षाचे कार्यालय मुंबईत, सरचिटणीस मुंबईचा माजी महापौर, उद्योगपतींच्या देणग्या मुंबईच्या, आणि महाराष्ट्र विधानसभेत १९६२ लाही शून्य, १९६७ लाही शून्य. मला वाटते, याचे उत्तर प्रवरानगरला सापडते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्यानंतर इथल्या बागायतदाराला ‘सहकार’ म्हटले की आपली जमीन जाईल असे वाटत नव्हते. त्याला कर्ज, भाव आणि संचालकपद आठवत होते. यशवंतराव चव्हाणांनी त्याच वर्गाला काँग्रेसच्या घरात वडीलकीचे स्थान दिले. ज्याच्यासाठी स्वतंत्र पक्ष निघाला तो मध्यम शेतकरी महाराष्ट्रात आधीच सत्तेजवळ बसलेला होता. कोरडवाहू शेतकऱ्याकडे जायला पक्षापाशी मराठी बोलणारे कार्यकर्तेच पुरेसे नव्हते. इंग्रजी साप्ताहिकातला अग्रलेख विदर्भातल्या कापूस उत्पादकाच्या काय कामाचा?

इथेच ऱ्हासाचे बीज आहे. विचार मद्रास-मुंबईचे, मते राजवाड्यांची. बिहारमधल्या पन्नास जागा म्हणजे रामगढच्या राजांचा आपल्या माणसांवरचा प्रभाव; राजा दुरावले आणि १९६७ ला तिथे उरल्या तीन. ओरिसात गणतंत्र परिषद आयती विलीन झाली म्हणून बळ आले. विकत आणलेल्या दह्यासारखे ते विरजण घरात लागलेच नाही. खुद्द राजाजींची मतेही साऱ्या पक्षाला पेलणारी नव्हती. ते हिंदीच्या सक्तीचे कट्टर विरोधक, अण्वस्त्रबंदीसाठी १९६२ मध्ये केनेडींना जाऊन भेटलेले; राजस्थान-बिहारच्या राजपूत सरदारांना यातले काय आपले वाटणार? तामिळनाडूत त्यांनी १९६७ ला द्रमुकशी युती करून काँग्रेसला पाडले, पण द्रमुकला स्वबळावर बहुमत मिळाले आणि वीस आमदारांच्या स्वतंत्र पक्षाला सत्तेत वाटा उरला नाही.

मग इंदिरा गांधींनी डाव पालटला. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. स्वतंत्र पक्षातले रुस्तम कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, नानी पालखीवालांनी बाजू मांडली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये ते जिंकलेही. सरकारने वेगळा कायदा करून तोच निर्णय पुन्हा अमलात आणला. त्याच सुमारास कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली, म्हणजे पक्षाची मुख्य शिदोरीच संपली. संस्थानिकांच्या तनख्यांचा प्रश्न पुढे आला, आणि पक्ष जे टाळत होता तेच झाले : शेतकऱ्याच्या हक्कासाठी निघालेला पक्ष लोकांना तनखे वाचवणारा पक्ष दिसू लागला. त्यात अन्याय होता, पण हे चित्र पुसण्यासाठी लागणारी गावपातळीची फळी पक्षाने बारा वर्षांत बांधली नव्हती, ही जबाबदारी त्याच्याच नेत्यांची.

१९७१ साली जनसंघ, संघटना काँग्रेस आणि संयुक्त समाजवादी यांच्याबरोबर ‘बडी आघाडी’ झाली. समाजवादाविरुद्ध जन्मलेला पक्ष समाजवाद्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. एकत्र येण्याचे कारण एकच, इंदिराविरोध. लोकसभेत आठ जागा उरल्या. तोवर पक्षाचे अध्यक्ष झालेले मसानी राजकोटला पडले आणि त्यांनी ते पद सोडले. पुढच्या वर्षी गुजरात विधानसभेत सहासष्टांवरून पक्ष शून्यावर आला. २५ डिसेंबर १९७२ रोजी राजाजी गेले. रंगा काँग्रेसमध्ये परतले. १९७४ मध्ये पिलू मोदींनी उरलेला पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन केला. नागपूरच्या ठरावाला काँग्रेसमध्ये राहून विरोध करणारा माणूस आणि त्याच कारणाने जन्मलेला पक्ष पंधरा वर्षांनी एकत्र आले, तेव्हा दोघांच्याही मागण्या बऱ्याच बदललेल्या होत्या.

महाराष्ट्रात मात्र या विचाराचा खरा श्रोता नंतर भेटला. १९८० मध्ये शरद जोशींच्या हाकेवर कांदा आणि ऊस उत्पादक रस्त्यावर बसले, तेव्हा ते सरकारकडे अनुदान मागत नव्हते; आमच्या घामाचा भाव पाडू नका, असे म्हणत होते. मसानींना जे शेतकरी कधी सापडले नाहीत, तेच हे. १९९४ मध्ये जोशींनी पक्ष काढला तो स्वतंत्र भारत पक्ष याच नावाने. तोवर परवाने मोडणारे आर्थिक धोरण काँग्रेसच्याच सरकारने आणून झाले होते. पण लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार १९८९ पासून नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. या अटीविरुद्ध स्वतंत्र पक्षाच्या जुन्या मुंबईकर कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ज्या शब्दाविरुद्ध पक्ष जन्मला त्याची शपथ घेऊन त्याला पुन्हा उभे करणे त्यांना मान्य नव्हते.