मोठं मॉडेल रॉकेट: प्रश्न उंचीचा नाही, उतरण्याचा

इंधन जाळून रॉकेट ढकलणाऱ्या मोटरचा एकूण आवेग 160 न्यूटन-सेकंदांच्या वर गेला, की मॉडेल रॉकेट 'हाय-पॉवर' ठरतं. 'किती उंच जाईल?' हे सगळेच विचारतात, पण सुरगाण्यासारख्या डोंगर-जंगलाच्या तालुक्यात 'उतरेल कुठे?' हा प्रश्न आधीचा. साधा हिशोब करा. 1000 मीटरवर मोठं पॅराशूट उघडलं आणि रॉकेट सेकंदाला 5 मीटरने खाली आलं, तर ते 200 सेकंद हवेत राहील. वारा सेकंदाला 6 मीटर असेल, तर 1200 मीटर वाहत जाऊन पलीकडच्या दरीत पडेल. वर लहान पॅराशूट उघडून सेकंदाला 20 मीटरने उतरवलं आणि मोठं 200 मीटरवर उघडलं, तर 80 सेकंद आणि 480 मीटर पुरतात.

'हा तर दिवाळीचा मोठा बाण', असं कुणी म्हणेल. पण बाण परत आणायचा नसतो. इथे रॉकेट सरळ उडावं म्हणून गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, नळीच्या किमान एका व्यासाइतक्या अंतरावर ठेवण्यापासून उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरपर्यंत सगळं मोजून करावं लागतं. 'भारतात मोटर सहज मिळत नाही', हा आक्षेप खरा आहे. स्फोटकांवर 1884 चा कायदा लागू आहे आणि घरी इंधन बनवणं जीवघेणं. तरीही सांगाडा, पॅराशूटची घडी आणि 'ओपनरॉकेट' या मोफत सॉफ्टवेअरवरची चाचणी यांना मोटर लागत नाही. म्हणून बांधणी सुरगाण्यात करावी. उड्डाण मात्र रीतसर परवानगीने, वाळलं गवत नसलेल्या मोकळ्या सपाटीवर.