लक्ष कुठे आहे?

मराठी घरांत एक प्रश्न असा आहे की, त्याच्या उत्तराची अपेक्षा कोणीच करीत नाही. "लक्ष कुठे आहे तुझे?" हा तो प्रश्न. आई तो विचारते, शाळेत गुरुजी विचारतात आणि पुढे कामाच्या ठिकाणी वरिष्ठ विचारतात. ज्याला विचारला त्याने मान खाली घातली की प्रश्नाचे काम संपते. परंतु काही माणसांच्या वाट्याला हा प्रश्न रोज आणि जन्मभर येतो. आणि त्याचे खरे उत्तर त्यांना स्वतःलाही सापडत नाही. त्यांच्या अवस्थेस वैद्यकशास्त्राने 'अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार' असे नाव दिले आहे. इंग्रजी आद्याक्षरांचे 'एडीएचडी' हे त्याचे रूप अलीकडे बऱ्याच जणांच्या कानांवरून गेलेले असते. तथापि नाव ऐकलेले असणे निराळे आणि त्या नावामागील जगणे कळणे निराळे.

रायपूर शहराला लागूनच उरला येथील औद्योगिक वसाहत आहे. लोखंड-पोलादाचे अनेक कारखाने तेथे आहेत आणि कच्चा माल आणणाऱ्या, तयार सळया नेणाऱ्या मालमोटारींची वर्दळ तेथे असते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात नांदत आली आहेत. अशाच एखाद्या कुटुंबातील एक तरुण उरल्याच्या एखाद्या कारखान्यात वजनकाट्यावर नोंदी करण्यास बसतो, अशी कल्पना करावी. काम अवघड नाही. मालमोटार काट्यावर उभी राहिली की तिचा क्रमांक टिपायचा, भरलेल्या गाडीचे वजन टिपायचे, रिकामी परतताना पुन्हा टिपायचे. दिवसभरात हेच शंभर वेळा.

पहिल्या दहा गाड्या बिनचूक उतरतात. अकराव्या गाडीच्या वेळी बाहेर कोणीतरी हाक मारतो. पंख्याचा खडखडाट अकस्मात ऐकू येऊ लागतो. काल राहिलेले विजेचे बिल आठवते. त्यावरून मित्राला द्यावयाचा निरोप, त्यावरून आणखी काही. डोळे काट्याच्या आकड्यावरच असतात, हातही लिहीत असतो. पण १८,४६० च्या जागी वहीत १८,६४० उमटलेले असते. संध्याकाळी हिशेब जुळत नाही तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. चूक त्याला दाखवावी लागत नाही, दाखविताक्षणीच दिसते. आपल्याला येत असलेली गोष्टच आपल्या हातून कशी बिघडली, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

या विकाराच्या नावातच थोडी दिशाभूल आहे. अवधानाचा साठा कमी असतो, असे त्यावरून वाटते. वस्तुतः उणीव साठ्याची नसून नियमनाची असते. कोणत्या गोष्टीस दाराबाहेर थांबवावे आणि कोणतीस आत घ्यावे, हे ठरविणारा द्वारपाल जणू अधूनमधून जागेवर नसतो. त्यामुळे जे महत्त्वाचे ते आणि जे क्षुल्लक ते, दोन्ही एकाच आवाजात बोलू लागतात. याच्या उलट प्रकारही घडतो. याच तरुणाने घरी एखादे बिघडलेले यंत्र उघडले की तहानभूक हरपून तो चार-चार तास त्यात बुडून जातो. कारखान्यात काही आणीबाणी उद्भवली आणि भोवतालचे गोंधळले, तर कित्येकदा हाच शांतपणे पुढे होतो. ज्यात नवेपणा, गोडी किंवा निकड आहे तेथे त्याचे चित्त जडते; जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे केवळ कर्तव्याच्या जाणिवेने ते जडत नाही. आणि याचाच अर्थ लोक असा लावतात की, "मनात आणले तर करतो, म्हणजे इतर वेळी मनातच आणत नाही." या एका तर्काने अशा माणसांचे जितके नुकसान केले आहे, तितके विकारानेही केले नसेल.

काळाशी असलेले त्याचे नाते असेच विलक्षण असते. महिनाअखेरीस द्यावयाचा तक्ता पंधरा तारखेला त्याला धुक्यातल्या डोंगरासारखा दूर वाटतो. मग एके सकाळी तो डोंगर एकदम अंगावर येतो. पाच मिनिटांत निघतो असे तो म्हणतो तेव्हा खोटे बोलत नाही. पाच मिनिटे आणि पाऊण तास यांतील अंतर त्याला आतून जाणवत नाही, इतकेच. स्वयंपाकघरात काही आणावयास गेलेला माणूस दारातच कशासाठी आलो हे विसरतो, हा अनुभव सर्वांचाच. पण त्याच्या दिवसाचा तो नियम असतो. बालपणी पायाला भिंगरी बांधल्यासारखी जी धावपळ दिसते, ती मोठेपणी बहुधा बाहेरून ओसरते आणि आत जाऊन बसते. हातपाय स्थिर, पण मन धावते, अशी ती अवस्था होते. रागही चटकन येतो, शब्द तोंडून निसटतो आणि पश्चात्ताप रात्रभर पुरतो.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. मन कोणाचे चंचल नाही? अर्जुनाने तीच तक्रार श्रीकृष्णाजवळ केली आणि समर्थांनी तर मनाला उद्देशूनच श्लोक रचले. मग यात रोग तो कोणता? उत्तर असे की, भेद प्रकाराचा नसून प्रमाणाचा आहे. जसा रक्तदाब सर्वांनाच असतो, पण एका मर्यादेपलीकडे तो विकार ठरतो. म्हणूनच निदानाच्या कसोट्या कडक आहेत. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, ती बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असावीत, घर व शाळा किंवा काम अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत आणि त्यांनी जगण्यात खरोखर अडथळा आणलेला असावा. जगभरच्या पाहण्यांचा अंदाज असा की, मुलांत सुमारे पाच टक्के व प्रौढांत सुमारे अडीच टक्के लोकांना हा विकार असतो. मुलींच्या बाबतीत तो पुष्कळदा नजरेतून सुटतो. कारण वर्गात धुडगूस घालणारा मुलगा दिसतो, खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही.

शास्त्रालाही या माणसांना दोष देण्याचा मोह प्रथम आवरला नव्हता. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनी यास नैतिक संयमातील उणीव म्हटले. मात्र तिचे मूळ बुद्धिमांद्यात नाही, हेही त्यांनी नोंदविले. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना एक विस्मयकारक गोष्ट आढळली: उत्तेजक औषध दिले असता अशी काही मुले अधिक उच्छृंखल होण्याऐवजी शांत झाली आणि अभ्यासात रमली. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संहितेत अवधानाच्या उणिवेस मुख्य स्थान मिळाले आणि १९८७ साली आजचे नाव रूढ झाले. २००७ साली डॉ. फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखविले की, अशा मुलांच्या मेंदूच्या बाह्यकाची पक्वता सरासरीने सुमारे तीन वर्षे मागे असते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्के मानला जातो. मुलाच्या निदानासाठी आलेला बाप डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता स्वतःचेच बालपण ओळखतो, असे म्हणूनच घडते.

उपाय आहेत. मेथिलफेनिडेटसारखी औषधे मेंदूतील डोपामीन व नॉरएपिनेफ्रिन या द्रव्यांच्या कार्यास साहाय्य करतात. भूक मंदावणे, झोप उडणे, नाडी वाढणे असे त्यांचे उपद्रवही असल्यामुळे ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात आणि भारतात त्यांच्या विक्रीवर कडक निर्बंध आहेत. पण औषध केवळ द्वारपालास जागे करते. घर लावण्याचे काम उरतेच. आठवण डोक्यात न ठेवता भिंतीवर ठेवणे, मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडणे, शेजारी कोणी बसलेले असताना काम करणे, घड्याळाचा गजर लावणे, अशा साध्या युक्त्या तेथे उपयोगी पडतात. वजनकाट्यावरील तरुणास लिहिलेला आकडा मोठ्याने वाचून पाहण्याची मुभा आणि दर तासाला पाच मिनिटांची मोकळीक मिळाली, तर हिशेबातील चुका पुष्कळ कमी होतील. त्यास ते काम सोडून यंत्रदुरुस्तीच्या विभागात घेतले, तर कदाचित कारखान्याचाही लाभ होईल. रायपुरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे आणि २०२२ पासून '१४४१६' या क्रमांकावर टेलि-मानस ही शासकीय सेवा विनामूल्य सल्ला देते.

तरीही सर्वांत कठीण काम या उपायांत येत नाही. धांदरट, वेंधळा, विसराळू, धसमुसळा, उडाणटप्पू: अशा माणसाला नावे ठेवण्यास मराठी भाषा मुळीच कृपण नाही. त्याच्या अंतरीच्या धडपडीला मात्र तिने एकही घरगुती शब्द दिलेला नाही. वीस-पंचवीस वर्षे ती नावे ऐकल्यावर माणूस त्यांवर विश्वास ठेवू लागतो. उशिरा निदान झालेल्या कित्येकांना प्रथम सुटल्यासारखे वाटते आणि पाठोपाठ दुःख होते, ते यामुळेच. आपण आळशी नव्हतो, हे कळण्यास इतकी वर्षे लागली, याचे ते दुःख असते.

संध्याकाळी पाळी सुटते आणि तो तरुण उरल्याहून घरी परततो. सांगितलेली औषधाची बाटली आणावयाची राहून गेलेली असते. आईच्या ओठांवर तोच जुना प्रश्न येतो. तिने तो अवश्य विचारावा. फक्त विचारल्यावर क्षणभर थांबावे आणि उत्तर ऐकून घ्यावे.