भूजलाच्या निरीक्षण विहिरी : उभारणी आणि विकसन

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूर मार्गावर वसलेला भनपुरी हा एक जुना औद्योगिक परिसर. कारखाने आणि निवासी वस्त्या शेजारी शेजारी असलेल्या अशा परिसरात उद्योगाची कूपनलिका आणि रहिवाशांचा हातपंप बहुधा एकाच जलधरातून पाणी घेतात. त्या पाण्याची पातळी किती खालावली, त्यात काय मिसळले, हे जमिनीवरून दिसत नाही. ते जाणून घेण्याचे साधन म्हणजे निरीक्षण विहीर, अर्थात पिझोमीटर. मात्र विहीर सदोष असेल, तर तिच्यातून मिळणारी आकडेवारीही सदोष ठरते.

खडकाचे स्वरूप

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा, तर रायपूरचा परिसर प्रामुख्याने चुनखडकाचा आहे. वर अनेक ठिकाणी जांभ्याचा थर आणि स्थानिक भाषेत ‘भाटा’ म्हणून ओळखली जाणारी लाल मुरमाड जमीन आढळते. चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो. त्यामुळे त्यातील भेगा रुंदावून पोकळ्या तयार होतात. अशा मार्गांनी पाणी वेगाने वाहते आणि त्याबरोबर दूषित घटकही दूरवर पोहोचतात. म्हणून येथे विहिरीची जागा आणि खोली विचारपूर्वक ठरवावी लागते.

भूजलाच्या प्रवाहाची दिशा ठरविण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी आवश्यक असतात. प्रत्येक विहिरीच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजल्याशिवाय त्यांच्या पाणीपातळ्यांची तुलना होऊ शकत नाही. प्रदूषणाचा शोध घ्यायचा असल्यास संभाव्य स्रोताच्या वरच्या अंगाला एक आणि प्रवाहाच्या दिशेने खाली इतर विहिरी घेतात. भेगाळ चुनखडकात ही संख्या वाढवावी लागते.

विहिरीची उभारणी

कठीण खडकात दाबयुक्त हवेवर चालणाऱ्या यंत्राने छिद्र घेतले जाते. खोदताना निघणाऱ्या खडकाच्या चुऱ्याची खोलीनिहाय नोंद ठेवली जाते. या नोंदीवरूनच सच्छिद्र नळी कोठे बसवायची हे ठरते. ज्या थराचे निरीक्षण करायचे, तेवढ्याच थरासमोर सच्छिद्र भाग असावा, उरलेली नळी बंद असावी. सच्छिद्र नळीभोवती धुतलेली, एकसारख्या आकाराची वाळू किंवा बारीक खडी भरतात. तिच्यावर पाण्याने फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीचा थर आणि त्यावर जमिनीपर्यंत सिमेंटचे मिश्रण भरून पोकळी बंद केली जाते. तोंडाशी उतरता सिमेंटचा ओटा आणि कुलूपबंद झाकण आवश्यक असते.

खर्च वाचविण्यासाठी ही बंदिस्ती टाळली, तर होणारी हानी केवळ चुकीच्या नोंदीपुरती मर्यादित राहत नाही. वरच्या थरातील सांडपाणी नळीच्या बाहेरच्या पोकळीतून थेट खोल जलधरात उतरते. प्रदूषण शोधण्यासाठी घेतलेली विहीरच प्रदूषणाची वाट बनते आणि त्याची झळ शेजारच्या हातपंपावर पाणी भरणाऱ्यांना बसते.

विकसन कशासाठी?

खोदाईत निर्माण झालेली भुकटी भेगांच्या तोंडाशी साचते. ती काढली नाही, तर जलधरातील बदल विहिरीत उशिरा उमटतात आणि पाण्याचे नमुने गढूळ येतात. म्हणून सिमेंट घट्ट झाल्यावर विहिरीचे विकसन करतात. नळीत दट्ट्या वरखाली करून पाणी आतबाहेर ढवळणे, दाबयुक्त हवेने गाळ बाहेर फेकणे आणि पंपाने उपसा करणे या त्याच्या प्रचलित पद्धती होत. पाणी नितळ दिसणे एवढेच पुरेसे नसते. त्याचे तापमान, सामू आणि विद्युतवाहकता लागोपाठच्या मोजण्यांत स्थिर राहिली पाहिजे. हवेच्या वापराने पाण्यातील विरघळलेले लोह साक्यात रूपांतरित होऊ शकते. त्यामुळे अशा विकसनानंतर काही काळ जाऊ देऊनच नमुना घ्यावा.

प्रत्येक नमुन्यापूर्वी नळीत साचलेले पाणी काढून टाकावे लागते. सर्वसाधारणपणे विहिरीतील पाण्याच्या तिप्पट उपसा करतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत २० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ असेल, तर त्यात सुमारे १५७ लिटर पाणी असते, म्हणजे सुमारे ४७० लिटर उपसा करावा लागतो.

नियम आणि नोंदी

केंद्रीय भूमिजल मंडळाचे प्रादेशिक कार्यालय रायपूर येथे आहे. मंडळाच्या निरीक्षण विहिरींची पातळी परंपरेने वर्षातून चार वेळा मोजली जाते. १९९५ ते २००३ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पात महाराष्ट्र व तत्कालीन मध्य प्रदेशासह अनेक राज्यांत पिझोमीटर घेण्यात आले आणि स्वयंचलित पातळीमापकांचा वापर वाढला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी दररोज १० घनमीटरांहून अधिक भूजल उपसणाऱ्या उद्योगांना आवारात पिझोमीटर बंधनकारक केले. तो उपसा विहिरीपासून ठरावीक किमान अंतरावर आणि तिच्याइतकाच खोल असावा, अशी त्यात अट आहे.

अंतर आणि खोली तपासणे सोपे असते. बंदिस्ती आणि विकसन मात्र जमिनीखाली दडलेले असते. म्हणून खोदाईची नोंद, नळीची रचना, वापरलेले साहित्य आणि विकसनाच्या मोजण्या यांचा तपशील प्रत्येक विहिरीसोबत जतन झाला पाहिजे. भनपुरीसारख्या परिसरात उपशाला परवानगी देण्याचे आणि पाणी पिण्यास योग्य ठरविण्याचे निर्णय या आकड्यांवर अवलंबून असतात. त्या आकड्यांची विश्वासार्हता विहीर घेतानाच निश्चित होते.