सुई रात्रीची, हिशोब पहाटेचा

सातारा-सांगलीकडे डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, "आता सुई लागली, म्हणजे संपलंच का?" सुई सुरू झाली आणि वर्षभरात पाय कापावा लागला, अशी एखादी आठवण बहुतेक भावकीत असते. तो पाय सुईमुळे गेलेला नसतो. वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं नसा आणि रक्तवाहिन्या आधीच खराब केलेल्या असतात आणि सुई फार उशिरा आलेली असते. ही भीती मनातून जायला हवी.

रात्री आपण जेवत नसलो तरी यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं. शरीरातलं इन्सुलिन त्यावर लगाम ठेवतं. मधुमेहात हा लगाम सैल पडतो. म्हणून रात्री अर्धीच भाकरी खाल्लेल्या आजींची साखर सकाळी उपाशीपोटी १८० निघते. दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन हाच लगाम पुन्हा आवळतं. जेवणानंतर चढणारी साखर उतरवणं हे त्याचं काम नव्हे. ते औषधाच्या गोळ्या किंवा जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन करतं. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना तर दोन्ही प्रकारचं इन्सुलिन लागतंच.

हा लगाम आवळणाऱ्या इन्सुलिनांपैकी डेन्मार्कमध्ये हॅगेडॉर्न या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं एनपीएच १९४६पासूनचं. दिसायला गढूळ, स्वस्त आणि आजही उपयोगी. पण टोचल्यावर काही तासांनी त्याचा जोर एकदम वाढतो, त्यामुळे मध्यरात्री साखर घसरण्याचा धोका असतो. २०००मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं ग्लार्जिन बाटलीत आम्लधर्मी आणि स्वच्छ असतं. कातडीखाली जाताच त्याचे बारीक कण बनतात आणि ते सुमारे २४ तास हळूहळू विरघळत राहतात. म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नसतं. डेग्लुडेक त्याहूनही लांब, ४२ तासांपुढे टिकतं. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२२मध्ये ग्लार्जिनचा समावेश झाला, ही फार चांगली गोष्ट झाली.

डोस बहुतेकदा १० युनिटच्या आसपास सुरू होतो आणि सकाळची उपाशीपोटीची साखर बघून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दोन-दोन युनिटनं वाढतो. पहाटेची साखर न मोजता "महिनाभर तेवढंच घेतोय, गुण नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला सिरिंजची वाटते. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची. १००च्या ग्लार्जिनमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं १०च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात २५ युनिट जातात. एकटी राहणारी म्हातारी माणसं अशा चुकीनं झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. औषध दुकानदारानं बाटली आणि सिरिंजची जोडी हातात देताना दोन्ही शेजारी धरून दाखवली पाहिजे. इन्सुलिनचं पेन परवडत असेल तर हा घोळ बराचसा टळतो.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर? न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरायला काढलेली ग्लार्जिनची बाटली ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालते. एका माठात दुसरा छोटा माठ, मधे ओली वाळू आणि आत कोरड्या डबीत बाटली, अशी सोय उन्हाळ्यात पुष्कळ उपयोगाची आहे. २०१९मध्ये कृष्णेच्या पुरानं सांगली बुडाली तेव्हा वीज गेली, फ्रिज बंद पडले. नदीकाठच्या घरांनी पावसाळ्याआधीच कागदपत्रांच्या पिशवीत सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. घर सोडताना इन्सुलिनची बाटली तीत टाकावी.

वारीचंही तसंच. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरडला येते, तेव्हा मधुमेह असलेले कितीतरी वारकरी दिवसभर चालतात. चालण्यानं साखर उतरते, कधी रात्री तळावर निजल्यावरही. घाम, थरथर, गोंधळ जाणवला की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. निघण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. मनानं सुई बंद करू नये. सुई मांडीऐवजी पोटावर टोचावी, रोज जागा बदलावी. एकादशीला साबुदाण्याची खिचडी साखर चढवते, रिकामं पोट उतरवते, तेव्हा उपवासाच्या डोसाबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावं.