विश्लेषण : सिगार एका बाजूनेच का जळतो? दोष वळणाऱ्याचा की ओढणाऱ्याचा?

पाऊण तास चालावा म्हणून पेटवलेला सिगार दहाव्या मिनिटालाच एका अंगाने भराभर जळू लागतो आणि दुसऱ्या अंगाचे पान कोरेच राहते. टोक तिरपे होते, धूर कडवट लागतो आणि बरेचदा तो निम्म्यावर विझतो. या तिरप्या जळण्याला ‘कॅनूइंग’ म्हणतात, कारण उरलेला सिगार कोरलेल्या होडीसारखा दिसतो. याउलट बाहेरचे पान शाबूत आणि आतला गाभा मात्र जळत पुढे गेलेला, असे झाले की ते ‘टनेलिंग’, म्हणजे बोगदा. अशा वेळी गिऱ्हाईक मालाला नावे ठेवते आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या पेटवण्याला. हवेतल्या ओलाव्याचा विचार दोघांपैकी फार कुणी करत नाही.

सिगारेट सरळ जळते, मग सिगार का नाही?

सिगारेटमध्ये बारीक कातरलेली तंबाखू असते आणि तिचा कागद ठरावीक वेगाने जळावा म्हणून त्यात सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. हाताने वळलेल्या उंची सिगारमध्ये कागद नसतोच. आत लांब पानांचा गाभा, त्यावर तो बांधून ठेवणारे पान आणि सर्वात वर दिसायला देखणे, तलम वेष्टनपान अशी त्याची रचना असते. तिन्हींच्या जळण्याचा वेग सारखा नसतो. विडी ओढणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. तेंदूचे पान नीट जळत नाही म्हणून विडीला सारखे झुरके द्यावे लागतात, नाहीतर ती विझते.

क्युबात गाभ्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारची पाने वापरतात. ‘व्होलाडो’ चटकन पेट घेते, ‘सेको’ सुगंधासाठी असते आणि ‘लिगेरो’ कडक असते. लिगेरो झाडाच्या शेंड्याकडचे पान. ऊन जास्त मिळाल्याने ते जाड, तेलकट होते आणि सावकाश जळते. म्हणून सिगार वळणारा कारागीर, ज्याला तिथे ‘टोर्सेदोर’ म्हणतात, ते नेमके मध्यभागी ठेवतो. ते जरा एका बाजूला सरकले, की ती बाजू मागे पडलीच. शिवाय प्रत्येक पान असे दुमडावे लागते, की आत लांबीभर हवेला वाट राहील. ती वाट एका जागी दाबली गेली तर तिथला निखारा मंदावतो. पाने सैल भरली तर तिथे आग भडकते. हे सगळे बोटांच्या अंदाजावर चालते, म्हणूनच चांगल्या कारागिराला मोल आहे.

जमिनीचाही हात असतो. पोटॅशियममुळे पान चांगले जळते, क्लोरीनचे प्रमाण वाढले तर ते धुमसत राहते. त्यामुळे तंबाखूच्या शेतात क्लोराइडयुक्त खते टाळतात.

ओलाव्याचे गणित काय?

सिगार साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवावा असे मानले जाते. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. उघड्यावर ठेवलेला सिगार ती ओल शोषून फुगतो. मग पेटवल्यावर उष्णता आधी पाणी उडवण्यात खर्च होते, आणि जिथे ओल जास्त तिथे आग मागे राहते. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी उलटे घडते. पान ठिसूळ होऊन तडकते आणि तडकलेल्या बाजूने आग पळते. फ्रिज हा उपाय नाही, तिथली हवा कोरडी असते.

यासाठी ‘ह्युमिडोर’ ही पेटी वापरतात. तिला आतून ‘स्पॅनिश सीडर’चे लाकूड लावलेले असते. नाव सीडर असले तरी हे झाड देवदाराचे नव्हे, आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. ओलावलेला सिगार पंख्याखाली वाळवला तर फक्त वरचे पान सुकते. तो अशा पेटीत काही दिवस पडू देणेच बरे.

पेटवताना काय चुकते?

घाई. रॉबुस्टो या प्रचलित आकाराच्या सिगारचे टोक सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते. एका काडीच्या झटक्यात ते सगळे पेटत नाही, आणि जी कड आधी पेटते ती पुढेच राहते. म्हणून ज्योत टोकाला न टेकवता खाली थोड्या अंतरावर धरायची, सिगार फिरवत कड सगळीकडून शेकायची आणि मगच झुरका घ्यायचा. टोकावर हलकी फुंकर घातली की न पेटलेला भाग काळा दिसतो. पेट्रोलच्या लायटरचा वास तंबाखूला लागतो. गॅसचा लायटर किंवा लांब काडी चालते.

पुढे मिनिटाला साधारण एक झुरका पुरतो. त्याहून घाई केली तर निखारा तापतो आणि लहानसा फरकही वाढत जातो. पंख्याचा झोत किंवा गॅलरीतला वारा एकाच बाजूला लागला तरी तेच होते.

तिरपा जळू लागलाच तर?

थोडा फरक बहुधा आपोआप भरून निघतो. नाही निघाला तर मागे पडलेल्या बाजूला ज्योत दाखवायची, किंवा पुढे पळणाऱ्या कडेच्या पानाला ओले बोट लावून तिचा वेग कमी करायचा. बोगदा झाला असेल तर रिकामा भाग कापून पुन्हा पेटवण्यावाचून इलाज नाही. गाभाच चुकीचा भरला असेल, तर मात्र ओढणाऱ्याने काहीही केले तरी तो पुन्हा पुन्हा तिरपा होत राहतो.

सरळ जळणारा सिगार कमी घातक का?

नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने तो छातीत न घेताही निकोटिन तोंडातल्या अस्तरातून रक्तात जाते. ‘आम्ही धूर आत घेत नाही’ हा बचाव त्यामुळे लंगडा ठरतो. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा सिगारशी संबंध सिद्ध झालेला आहे. शिवाय तो पाऊण तास पेटलेला राहतो आणि तेवढा वेळ शेजारी बसलेल्यांनाही धूर घ्यावा लागतो. भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात सिगार आणि चिरूटही येतात, त्यामुळे २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम सिगारेटइतकेच त्यांनाही बांधतात.