शून्याला दिशा कोणती?

वही-पेन्सिल घेऊन बसा. नदीत एक होडी आहे. नावाडी ती सरळ पैलतीराकडे मिनिटाला ३० मीटर वेगाने वल्हवतो आहे आणि प्रवाह तिला मिनिटाला ४० मीटर खाली ओढतो आहे. होडीचा खरा वेग किती? ७० नव्हे! ३० चा वर्ग ९००, ४० चा १६००. बेरीज २५००, तिचे वर्गमूळ ५०. होडी तिरकी जाते, मिनिटाला ५० मीटर.

ज्या राशीला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात, ती सदिश राशी. येल विद्यापीठाचे प्राध्यापक गिब्ज यांनी १८८१ आणि १८८४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी सदिशांच्या गणितावर दोन भागांत पुस्तिका छापून घेतली. तेच गणित आज संगणकाच्या पडद्यावरील चेंडू, विमाने आणि बाहुल्या हलवते.

संगणकाला सदिश म्हणजे नुसते आकडे. सपाट कागदावर दोन, अवकाशात तीन. आपली होडी म्हणजे (३०, ४०). बेरीज, लांबी, गुणाकार यांच्या आज्ञा एकदाच लिहून ठेवतात आणि हव्या तेव्हा वापरतात. अशा संग्रहाला ‘लायब्ररी’ म्हणतात. सदिशांची लायब्ररी शे-दोनशे ओळींतही मावते.

तिच्यातील अदिश गुणाकाराची गंमत पाहा. पहारेकऱ्याचे तोंड पूर्वेला आहे: (१, ०). मांजर त्याच्या पश्चिमेला ३ आणि उत्तरेला ४ मीटरवर आहे: (-३, ४). जोडीचे आकडे गुणून बेरीज करा: १ × (-३) + ० × ४ = -३. उत्तर ऋण, म्हणजे मांजर पाठीमागे! कोन मोजावाच लागला नाही.

आता नुसती दिशा हवी असेल तर? प्रत्येक घटकाला लांबीने भागा. होडीसाठी (०.६, ०.८) मिळेल. त्याची लांबी बरोबर १. हा झाला एकक सदिश.

पण इथेच एक खड्डा आहे. खेळातला चेंडू खेळाडूकडे येत येत नेमका त्याच्या जागी पोहोचला. दोघांमधील सदिश झाला (०, ०), लांबी ०. आता दिशा काढायला शून्याला शून्याने भागायचे! १९८५ च्या आयईईई ७५४ या प्रमाणानुसार चालणारा संगणक अशा वेळी थांबत नाही. तो ‘संख्या नव्हे’ अशी खूण उत्तर म्हणून देतो. तिच्यात काहीही मिळवा, उत्तर पुन्हा ‘संख्या नव्हे’च. ही खूण चेंडूच्या जागेत शिरली, की पुढचा प्रत्येक हिशेब नासतो आणि चेंडू पडद्यावरून नाहीसा होतो. चूक एका ओळीत, परिणाम मात्र दुसरीकडेच!

म्हणून जाणता लेखक भागण्यापूर्वी लांबी तपासतो. ती शून्य असेल तर शून्य सदिशच परत करायचा, की ‘दिशा नाही’ असे कळवायचे, हे तो आधी ठरवतो आणि स्पष्ट लिहून ठेवतो.

आता तुम्ही (२, ३, ६) या सदिशाची लांबी काढा. उत्तर पूर्णांकात येते. मग त्याचा एकक सदिश काढा. भागण्यापूर्वी काय तपासायचे, ते मात्र विसरू नका!