बंगळूरचीं फुलझाडें आणि कोल्हापूरचे बांध

बंगळूरास जाणारे शेतकरी आमच्या जिल्ह्यांत आतां थोडे नाहींत. पुणें-बंगळूर हमरस्ता कोल्हापूरच्या अगदीं जवळून जातो. कोणी तेथील कृषि विद्यापीठाच्या नोव्हेंबरांतील कृषिमेळ्यास जातात, कोणी हेसरघट्ट येथील बागायती संशोधन संस्था पाहण्यास जातात, आणि बहुतेक सर्वजण जानेवारींत किंवा ऑगस्टांत भरणारें लालबागेचें पुष्पप्रदर्शन पाहून येतात. परततांना गाडींत एक-दोन रोपें असतातच. बंगळूरास कोणत्या महिन्यांत काय पाहावें आणि तेथून काय आणावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

बंगळूर आमच्यापेक्षां दक्षिणेस, म्हणून अधिक उष्ण असावें, असा पुष्कळांचा समज असतो. पण तें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटर उंचीवर आहे. कोल्हापूर सुमारें ५५० मीटरवर. त्यामुळें तेथील उन्हाळा सौम्य असतो. दुसरा भेद पावसाचा. आमच्याकडील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो व आषाढांत त्याचा जोर असतो. बंगळूरास वळवाच्या सरींपासून तों ऑक्टोबरपर्यंत पाऊस वांटून पडतो, आणि त्याचा भर बहुधा सप्टेंबरांत असतो. म्हणून तेथें जें झाड सुखानें वाढलें तें आमच्या आषाढाच्या वाऱ्यापावसांत तसेंच टिकेल, असें धरून चालूं नये.

तेथील वृक्षशोभा आपोआप झालेली नाहीं. लालबागेचा आरंभ हैदरअल्लीनें १७६० मध्यें केला, आणि तेथील प्रसिद्ध कांचघर १८८९ चें आहे. पुढें १९०८ मध्यें गुस्ताव क्रुंबिगेल नांवाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ तेथें आले. त्यापूर्वीं ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरीं होते, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रस्त्यांवरील झाडें अशीं निवडावीं कीं एकाचा बहर सरतां सरतां दुसऱ्याचा यावा आणि वर्षाचा कोणताही काळ फुलांवांचून जाऊं नये, ही त्यांची योजना होती. तिचें फळ आज तें शहर भोगीत आहे.

तो क्रम साधारणतः असा आहे. पावसामानाप्रमाणें तो दोन-चार आठवडे पुढें-मागें होतो. नोव्हेंबरच्या सुमारास बुचाचीं पांढरीं सुवासिक फुलें पडूं लागतात. हिवाळ्यांत, आणि पुन्हां फेब्रुवारी-मार्चांत, पानें गाळून गुलाबी टॅबेबुया फुलते. त्याच सुमारास पिवळी टॅबेबुया व नीलमोहोर येतात, आणि पिचकारीचीं केशरी फुलें दिसूं लागतात. एप्रिल ते जून गुलमोहोर आणि सोनमोहोर यांचें राज्य असतें. यांपैकीं टॅबेबुया व नीलमोहोर अमेरिकाखंडांतील, गुलमोहोर मादागास्कर बेटांतील, आणि पिचकारी आफ्रिकेंतील आहे.

आतां प्रश्न असा कीं, यांतील कोणतें झाड शेताच्या बांधावर आणावें? शहरांतील झाडाचें काम शोभा आणि सावली एवढेंच असतें. शेतांतील झाड बांधाची जागा व्यापतें, पिकाचें पाणी पितें आणि तीस-चाळीस वर्षें हलत नाहीं. बियाण्याची चूक एका हंगामाची; झाडाची चूक एका पिढीची. म्हणून रोप घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत: हें वाऱ्यांत टिकेल काय? याचा पाला खताला किंवा चाऱ्याला होईल काय? याच्या फुलांवर मधमाश्या पोसतील काय? याची सावली कोणाच्या पिकावर पडेल?

या कसोटीवर गुलमोहोर उतरत नाहीं. त्याचीं मुळें उथळ पसरतात, लांकूड ठिसूळ असतें, आणि जोराच्या वाऱ्यांत फांद्या मोडतात. पिचकारीची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे: तिच्या फुलांत कांट्याविना असणाऱ्या लहान मधमाश्या मरून पडतात, असें ब्राझील देशांतील अभ्यासकांस आढळून आलें आहे. पर्जन्यवृक्षाच्या गोड शेंगा जनावरें आवडीनें खातात, हा मोठा गुण. परंतु त्याचा छत्रीसारखा विस्तार शेतांत परवडत नाहीं, गांवच्या बाजारतळावरच शोभतो. टॅबेबुया व नीलमोहोर घरापुढें एखादें असावें. बांधावर त्यांचें काम नाहीं.

परदेशी झाड तेवढें वाईट, असा आमचा आग्रह नाहीं. गिरिपुष्प मध्य अमेरिकेंतील असून त्याचा पाला उत्तम हिरवळीचें खत होतो, आणि छाटला तितका पुन्हां फुटतो. परीक्षा गुणाची करावी, मुलुखाची नव्हे.

बंगळूराहून खरोखर आणण्याजोगी वस्तु रोप ही नसून तो क्रम आहे. आमच्याच झाडांनीं तो येथें साधतां येतो. पौष-माघांत कांटेसावर फुलते. माघ-फाल्गुनांत पळस, पांगारा आणि गिरिपुष्प, चैत्रांत करंज, कडुनिंब आणि जांभूळ, वैशाखांत बहावा आणि ताम्हण, ज्येष्ठांत चिंच. पावसाळ्यांत सागवान तुऱ्यावर येतो, भाद्रपद-आश्विनांत बोर, आणि पुढें मार्गशीर्षापर्यंत हादगा व कांचन. या मालिकेंतील सहा-सात झाडें एका शिवारांत असलीं तरी मधमाश्यांस फुलांवांचून राहण्याची वेळ क्वचित् येईल.

याचें महत्त्व ऊसकऱ्यांस प्रथमदर्शनीं वाटणार नाहीं, कारण उसाला मधमाशी लागत नाहीं. पण काकडी, दोडका, भोपळा, कलिंगड या वेलांना फळ धरण्यास ती लागतेच, आणि सूर्यफुलाचे दाणेही तिच्यामुळें चांगले भरतात. ज्या शिवारांत मैलभर ऊसच ऊस आहे आणि बांध उघडे आहेत, तेथें वेल भरपूर फुलून फळ कां धरीत नाहीं, याचें एक कारण येथें शोधावें.

लावणीसंबंधीं थोडें सांगितलें पाहिजे. पंचगंगेच्या कांठीं २०१९ व २०२१ सालीं जेथें पुराचें पाणी उभें राहिलें, तेथें करंज आणि जांभूळ लावावें. तीं मुळांतच ओढ्या-नदीकांठचीं झाडें आहेत. शेवगा अशा जागीं लावूं नये, कारण सांचलेल्या पाण्यांत त्याचीं मुळें कुजतात. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे असल्यामुळें सावली उत्तरेस पडते. म्हणून दक्षिणेच्या बांधावर मोठें झाड लाविल्यास स्वतःच्या रब्बी पिकास, आणि उत्तरेच्या बांधावर लाविल्यास शेजाऱ्याच्या पिकास तें जाचतें. यास्तव मोठीं झाडें विहिरीजवळ, ओघळीच्या कडेस व गोठ्यामागें असावींत. बांधावर हादगा, गिरिपुष्प यांसारखीं विरळ सावलीचीं व छाटणी सोसणारीं लावावींत, आणि तींही शेजाऱ्याशीं बोलून. खड्डे वैशाखांत खणून तापूं द्यावेत आणि पहिला चांगला पाऊस होतांच लावणी करावी. पिशवींत ज्याच्या मुळांची गुंडाळी झाली आहे असें रोप कितीही उंच असलें तरी घेऊं नये.

तेव्हां बंगळूरास अवश्य जावें, लालबाग डोळे भरून पाहावी, आणि कोणतें झाड कोणत्या महिन्यांत फुललेलें होतें याचें टिपण करून आणावें. मग त्या टिपणाशेजारीं आपल्या शिवारांतील झाडांचें बारा महिन्यांचें टिपण मांडावें. ज्या महिन्यासमोर जागा रिकामी राहील, त्या महिन्याचें झाड येत्या मृगांत लावावें.